युद्धात वाचनालय काय कामाचं?

मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात मी 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या सरकारी दर्जाचं वाचनालय सांभाळतो. अनुदान मागायला गेलं की कुणी ना कुणी ऐकवतंच, 'युद्ध, महामारी आली की तुमच्या पुस्तकांचा काय उपयोग?' तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

मे 2025, ऑपरेशन सिंदूरचे दिवस. 8 तारखेच्या रात्री टीव्हीवाल्यांनी कराची बंदर बेचिराख करून टाकलं होतं. सकाळी पोट्टे मोबाइलवर विमान पाडल्याचा व्हिडिओ फिरवत बसले. तसले बरेच व्हिडिओ गेममधले निघाले. तेवढ्यात एक आजी आल्या. नातू फौजेत, आणि त्यांना अक्षरओळख नाही. "बाबू, पेपरात काय म्हन्ते? माह्या नातवाकडचं काई आलं काय?" मी सैन्याने अधिकृतपणे सांगितलं होतं तेवढंच हळूहळू वाचून दाखवलं. मधे एक जण कराचीचं बोलायला लागला, तर आजीच म्हणाल्या, "थांब ना बे, बाबूले वाचू दे." दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायच्या आधीच त्या पायरीवर हजर.

दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राडला 1941 पासून जर्मनांनी वेढा घातला, लोक उपाशी मेले, तरी तिथलं सार्वजनिक ग्रंथालय चालू राहिलं. कोणता झाडपाला खाता येतो, काडेपेट्या जुन्या पद्धतीने कशा करायच्या, असले प्रश्न लोक विचारत आणि ग्रंथपाल जुनी पुस्तकं काढून उत्तरं शोधत. म्हणजे 'आधी पोट, मग पुस्तकं' म्हणणाऱ्यांचंही काम तिथे होत होतं. लंडनमध्ये बेथनल ग्रीनच्या वाचनालयावर 1940 साली बॉम्ब पडला, तर लोकांनी भुयारी स्टेशनात रुळांवर फळ्या टाकून नवं थाटलं. आणि वाचनालय इतकं बिनकामाचं असतं, तर 1981 मध्ये श्रीलंकेतल्या जाफन्याचं वाचनालय कुणी कशाला जाळलं असतं?

आमची खरी पंचाईत झाली ती कोरोनात. दारूची दुकानं 2020 च्या मे महिन्यातच उघडायला लागली. वाचनालयांना परवानगी मिळाली 15 ऑक्टोबरला. कोणती निकड आधी, ते सरकारने ठरवलं होतं. पोलीस भरतीची पोरं मारुतीच्या पारावर अभ्यास करायची आणि आम्ही मागच्या खिडकीतून पुस्तकं द्यायचो. नियमात बसत होतं का, ते मात्र विचारू नका.