पट्टीवरची शेवटची ओळ

गेल्या महिन्यात कोपरखैरण्यात एका घरी प्रार्थनेची बैठक होती. चहा झाल्यावर एका ताईंनी मला विचारलं, "दादा, तुम्ही प्रभूसाठी काय सेवा करता?" विचारण्यात प्रेमच होतं. त्या स्वतः दर आठवड्याला आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला जातात. आमच्या मंडळीत कुणी रविवारची शाळा घेतं, कुणी ढोलकी वाजवतं. मी म्हणालो, "मी मार्केटला मेहताजी आहे." त्या म्हणाल्या, "हो, ती नोकरी झाली. सेवा कुठली?" मला उत्तर देता आलं नाही. रात्री बराच वेळ झोप लागली नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीत, कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर मी १९ वर्षं मेहताजी, म्हणजे हिशेबनीस आहे, पट्ट्या करतोय. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांना पट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर उतरतो, विकला जातो आणि त्याच्या नावाने हिशेब निघतो. किती गोण्या, किती वजन, दहा किलोला काय भाव, एकूण किती झाले. खाली वजावट : हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं. पूर्वी यात आडत, म्हणजे गाळेवाल्याची दलालीही असायची. २०१६ मध्ये ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम झाला आणि ती ओळ पट्टीवरून गेली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. सगळ्यात शेवटी येतं ते निव्वळ देणं. चार महिन्यांचं पीक त्या एका आकड्यात उतरतं.

आणि हा सगळा हिशेब होतो तेव्हा शेतकरी तिथे नसतो. माल ट्रकने येतो, तो असतो गावी. काट्यावर काय आलं, भाव काय फुटला, हे त्याला पट्टीच सांगते.

ती पट्टी घरी आल्यावर काय होतं, हे मी लहानपणी पाहिलंय. आमचं गाव नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. बाबा गोण्या स्वतः शिवायचे, दाभण आणि सुतळी घेऊन, आणि वर लाल रंगाने मार्का, म्हणजे ओळखीची अक्षरं टाकायचे. मिशनच्या शाळेत ते जेमतेम वाचायला शिकले होते. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल वाचायचे, पण आकड्यांची त्यांना धास्ती. म्हणून पट्टी मी वाचायचो. आधी वजन विचारायचे. घरून निघताना शेजारच्या काट्यावर केलेलं वजन त्यांना तोंडपाठ असे आणि पट्टीवरचं वजन कमीच भरे. कांदा सुकतो, वाटेत घट येते, हे त्यांना कळत होतं. पण किती घट सुकल्याची आणि किती कुणाच्या हाताची, हे कळायला काही मार्ग नव्हता. मग आई चुलीपाशी बसूनच विचारायची, "हातात काय राहिलं?"

एका वर्षी काहीच राहिलं नाही. उलटी पट्टी आली, म्हणजे भाड्यापोटी आमच्याकडूनच देणं निघालं. मी तो आकडा दोनदा वाचला, मला वाटलं माझंच चुकतंय. बाबांनी पट्टीची घडी करून पवित्र शास्त्रात ठेवली, कारण घरातले सगळे कागद तिथेच असत. मग ताटावर बसून रोजच्यासारखी उपकारस्तुती केली. एक शब्द कमी नाही.

हे जुन्या काळचं आहे असं कुणी म्हणू नये. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी सगळीकडे आली होती. दहा गोण्या, ५१२ किलो कांदा, भाव किलोला एक रुपया. वजावट होऊन उरले २ रुपये ४९ पैसे आणि धनादेश मिळाला २ रुपयांचा. लोक दोन रुपयांबद्दल हळहळत होते. मी त्या ४९ पैशांपाशी थांबलो. भाव कुणाच्या हातात नव्हता असं एक वेळ म्हणता येईल, पण वरचे ४९ पैसे सोडून द्यायचं ठरलं ते कुणाच्या तरी हातूनच ठरलं. असा हात म्हणजे माझ्यासारखाच एखादा मेहताजी.

शास्त्रातलं लेवीय १९:३५-३६ मला पाठ आहे. तराजू खरा असू द्या, वजनं खरी असू द्या, मापं खरी असू द्या. आणि लगेच पुढे देव म्हणतो, मी तुमचा देव परमेश्वर, मीच तुम्हाला मिसर देशातून काढून आणलं. वजनमापाच्या आज्ञेखाली त्याने स्वतःचं नाव घातलंय आणि आपण केलेलं सर्वांत मोठं काम सांगितलंय. शास्त्रात कांद्याचं नाव एकदाच येतं, गणना ११:५ मध्ये, आणि शेजारीच लसूण आहे. रानात इस्राएल लोकांना मिसर देशातल्या कांदा-लसणाची आठवण येते. कांदा, बटाटा, लसूण यांच्या मार्केटात दिवस काढणाऱ्या माणसाला हे वचन आपलं वाटतं, त्याला काय करणार!

आता माझ्या हातून झालेली चूक. ती सांगितल्याशिवाय वरचं सगळं सांगायचा मला अधिकार नाही.

तीनेक वर्षांपूर्वी एकाच गावच्या दोन शेतकऱ्यांचा माल एकाच ट्रकने आला. दोघांच्या मार्क्याची अक्षरं तीच, दोन्हीकडे लाल रंग. एकाच्या ४० गोण्या चांगला गोळा, म्हणजे मोठा कांदा, दुसऱ्याच्या ३१ गोण्या गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. गोळा दहा किलोला १६० ने गेला, गोल्टी ९० ने. त्या दिवशी आवक मोठी होती, फोन थांबत नव्हता आणि मी भाव उलटे घातले. पट्ट्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर गेले, पैसेही गेले. शनिवारी संध्याकाळी वही जुळवताना मला ते दिसलं. गोळा कांद्याच्या काकांना १४,५६० रुपये कमी गेले होते.

मी लगेच फोन लावला. म्हणालो, "काका, तुमच्या पट्टीत माझ्याकडून चूक झालीय." पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग ते म्हणाले, "मला वाटलं, भाव पडला. मी काढणीवाल्या बायांची मजुरी भागवायला भावाकडून पैसे घेतले." त्यांना शंकाच आली नव्हती. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

शेठना सांगितलं. ते चिडले, पण काकांचे पैसे त्यांनी सोमवारीच दिले. दुसऱ्या शेतकऱ्याकडे ११,२८४ रुपये जास्त गेले होते. त्यालाही मी फोन करून खरं ते सांगितलं. त्याने ते खताच्या दुकानात भरून टाकले होते आणि घरी दुखणं होतं. शेठ म्हणाले, "पुढच्या पट्टीत वळते करू." मी म्हणालो, "नको शेठ, माझ्या पगारातून घ्या." महिन्याला २,८२१, असे चार महिने गेले. घरी हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शास्त्रातल्या त्या जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं, आपण एकपट तरी देऊ." त्या चार महिन्यांत तिने घर कसं चालवलं ते तिलाच माहीत.

तेव्हापासून मी पट्टी पाठवण्याआधी मोठ्याने वाचतो. वजन, भाव, वजावट, शेवटची ओळ. बाबांसमोर वाचायचो तशीच, बोट ठेवून. गाळ्यावरच्या पोरांना आता त्याची सवय झालीय. पैसे जितके निघतील तितके लिहितो, एक पैसा खाली नाही. काट्यावरची गोणी बाजूला कुठे टेकून वजन चुकतंय असं दिसलं तर उठून जातो आणि तोलणाऱ्याला सांगतो, "भाऊ, वजन परत घ्या."

कलस्सैकरांस पत्रात जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा असं म्हटलंय. ते पौलाने दासांना लिहिलंय, ज्यांना काम निवडायची सोय नव्हती आणि ज्यांचं काम कुणी सेवा म्हणून मोजत नव्हतं. 'जिवेभावे' हा शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. ताई, तुम्ही विचारलंत त्याचं माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे. पुढच्या बैठकीत उभा राहून सांगेन.

त्या काकांचा माल अजून आमच्याच गाळ्यावर येतो. यंदाच्या पहिल्या गाडीत त्यांच्या गोण्यांवर मार्का निळ्या रंगात होता. मी फोन करून विचारलं, "काका, रंग बदललात?"

"हो ना मेहताजी," ते म्हणाले, "गर्दीत तुमच्या डोळ्यांना बरं पडेल."