बाबांना न हसवता फोटो कसा काढला : शेंगेन व्हिसाचा माझा अनुभव

बाबांच्या शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या, व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट, प्रवास विमा, बहिणीने जर्मनीहून पाठवलेलं हमीपत्र, सगळं बिनबोभाट झालं. घोडं अडलं ते बाबांच्या फोटोपाशी.

व्हिसा केंद्रातल्या काउंटरवरून फोटो परत आला. "दात दिसतायत. न्यूट्रल एक्स्प्रेशन हवं." दात कसले, कवळीची जेमतेम एक रेघ! पण नियम आहेच: तोंड मिटलेलं, डोळे उघडे, नजर समोर. हसलं की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात आणि चेहरा जुळवणारं यंत्र गोंधळतं. ते मान्य. राग आला तो स्टुडिओवाल्याचा. "व्हिसासाठी" असं बजावून सांगितलेलं असताना त्याने "काका, स्माइल!" म्हणावं?

दुसऱ्या स्टुडिओतला मुलगा जाणता होता. पण तो "काका, हसू नका" म्हणाला की बाबांना हमखास हसू फुटायचं. ओठ घट्ट मिटले तरी मिश्या थरथरायच्या. त्यात आई कॅमेऱ्यामागे उभी राहून "अहो, गंभीर व्हा ना जरा" म्हणत होती. तिला आधी बाहेर बसवलं. (घरच्यांना आत येऊच देऊ नका, ही पहिली सूचना.) मग मी म्हटलं, "बाबा, मनातल्या मनात औटकी म्हणा." (औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.) हसू गेलं, पण 'सात औट'पाशी कपाळावर अशा आठ्या पडल्या की जणू कर्जाचा हप्ता थकलाय. तेही चालत नाही. शेवटी बेचा पाढा आणि हळूच सोडलेला श्वास, यावर जमलं. श्वास सोडताना जबडा सैल होतो, चेहरा आपोआप कोरा पडतो. त्याच क्षणी क्लिक.

हो, माप राहिलंच. ३५ बाय ४५ मिलिमीटर, त्यात हनुवटीपासून डोक्यापर्यंत ३२ ते ३६. दुकानातलं नेहमीचं 'पासपोर्ट साइज' चालेलच असं नाही, पट्टी लावून बघा. पांढरा शर्ट घालून जाऊ नका, मागच्या फिक्या पडद्यात खांदे हरवतात. आणि टच-अपला साफ नकार द्या. स्टुडिओतल्या त्या मुलाने प्रेमाने बाबांच्या गालावरचा तीळ पुसला होता, तो परत आणवला.

फोटो सहा महिन्यांच्या आतलाच लागतो, तेव्हा उरलेल्या प्रती पुढच्या वारीला होतील या आशेवर राहू नका. आमच्या उरल्यात. आई म्हणते, हा माणूस कोण ते तिला माहीत नाही.