खताच्या गोणीवरचा 'के'

परवा गावी गेलो होतो, भाऊ उसाला खत द्यायच्या गडबडीत, १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण) च्या गोण्या ओसरीवर रचून ठेवलेल्या. आठवीतली पुतणी गोणी वाचत बसली होती आणि मग म्हणाली, काका, नत्राला एन, स्फुरदला पी हे कळलं, पण पालाशला, म्हणजे पोटॅशियमला, के का? पालाशमध्ये के नाही, पोटॅशियममध्ये पण नाही!

अगदी हाच प्रश्न मला शाळेत पडला होता, तेव्हा उत्तर मिळालं होतं 'पाठ कर'. म्हणून तिला नीट बसवून सांगितलं.

पोटॅश हा शब्द मुळात पॉट आणि अ‍ॅश, म्हणजे भांडं आणि राख. पूर्वी युरोपात लाकडाची राख पाण्यात कालवायचे, ते पाणी गाळून भांड्यात आटवायचे आणि तळाशी जो पांढरा क्षार उरायचा तो पोटॅश. १८०७ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने दाहक पोटॅशमधून बॅटरीचा करंट सोडला तर पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसायला लागले, काही तर तिथेच पेटले, आणि म्हणे तो आनंदाने खोलीभर नाचला! त्या धातूला त्याने नाव दिलं पोटॅशियम. लगेच काही दिवसांत सोडियमही काढलं.

पण जर्मन लोकांनी नाव धरलं कालियम, ते अरबी 'अल-कली'वरून, म्हणजे परत झाडाझुडपांची राखच! आपण अल्कली म्हणतो तो हाच शब्द. पुढे स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने लॅटिन नावांची आद्याक्षरं घेऊन चिन्हं बनवली, त्यात कालियमचा के आला. सोडियमचं एनए पण असंच, नेट्रियमवरून, आणि ते नाव नेट्रॉनवरून, इजिप्तमध्ये ममी सुकवायला वापरायचे तो क्षार.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते आपलं स्फुरद. फॉस्फरस म्हणजे ग्रीकमध्ये प्रकाश आणणारा, १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने लघवी आटवून आटवून तो काढला आणि तो अंधारात चमकत होता. ज्याने कुणी स्फुरद हा शब्द केला त्याने ती चमक मराठीत बरोबर पकडलीय, शेतकरी रोज बोलतात इतका तो रुळलाय.

पुतणी सगळं ऐकून म्हणाली, मग आजी चुलीतली राख परसातल्या केळीच्या बुडाशी टाकते, तो पण पालाशच का?

हो गं, तोच.