काड्या फुल, तरी आवाज येत नाही

"ताई, रेंज तर फुल दाखवतोय, मग कॉल का लागत नाही?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरांकडे नंबर लावून बसले असताना, कुठेही गाठतो. कारण मी नेटवर्क मोजते. ड्राइव्ह टेस्ट हे माझं काम. गाडीच्या मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप, त्याला केबलने जोडलेले हँडसेट, टपावर चिकटवलेला जीपीएसचा अँटेना, आणि ठरवून दिलेल्या रस्त्यांवरून मुंबईभर फिरणं. एक फोन सारखा कॉल लावतो आणि तोडतो, दुसरा फाइल डाउनलोड करत राहतो, तिसरा नुसता ऐकतो. प्रत्येक ठिकाणचे आकडे नकाशावर रंगीत ठिपके होऊन उमटत जातात.

फोनच्या कोपऱ्यात रेंज दाखवणाऱ्या त्या काड्या माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर कुठेच नसतात. ज्यांचं पोट नेटवर्क मोजण्यावर चालतं, त्यांना त्यांचा उपयोग नाही. आणि ज्यांना मोजण्याचं दुसरं काही साधन नाही, त्या सगळ्यांच्या हातात मात्र तेवढ्याच ठेवलेल्या आहेत. लोक त्यांच्या भरवशावर धडधाकट फोन विकतात, नंबर पोर्ट करतात, भाड्याचं घर नाकारतात. मला हे बघवत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

फोर-जीमध्ये काड्या मुख्यतः ज्यावरून काढतात त्या मापाला आरएसआरपी म्हणतात. टॉवर स्वतःची ओळख पटवण्यासाठी एक ठरावीक खुणेची लहर सतत सोडत असतो. ती आपल्या फोनपर्यंत किती ताकदीने पोचते, तेवढंच हे माप सांगतं. ते डीबीएम या एककात असतं आणि आकडा उणे असतो. उणे ९० डीबीएम म्हणजे एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा ताकदीवर फोन मजेत चालतो, ही माझ्या मते या तंत्रज्ञानाची सगळ्यात थक्क करणारी गोष्ट आहे. ही पट्टी आपल्या फूटपट्टीसारखी सरळ नाही. आकडा १० ने खाली गेला की ताकद दहावा हिस्सा उरते, ३ ने गेला की निम्मी.

आता या आकड्याच्या किती काड्या करायच्या? याला जगात कुठलंही एक प्रमाण नाही. फोर-जी, फाइव्ह-जीचे नियम जिथे लिहिले जातात तिथे माप कसं घ्यायचं ते बारकाईने ठरवलेलं आहे, पण काड्या कशा काढायच्या हे फोन बनवणाऱ्यावर सोडलंय. अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीत फोर-जीसाठी ठेवलेल्या पायऱ्या अशा: उणे ९८ च्या वर चार काड्या, उणे १०८ पर्यंत तीन, उणे ११८ पर्यंत दोन, उणे १२८ पर्यंत एक. पण या पायऱ्या मोबाइल कंपनीला आपल्या सोयीने बदलता येतात, आणि फोन कंपनीही आपलं गणित लावू शकते. म्हणून एकाच टेबलावर, एकाच कंपनीच्या सिमचे दोन फोन, एकावर चार काड्या आणि एकावर दोन. जास्त काड्यांचा फोन चांगला, असं त्यावरून मुळीच ठरत नाही.

शिवाय बघा, चार काड्या म्हणजे उणे ९८ सुद्धा आणि उणे ६० सुद्धा. दोन्हींच्या ताकदीत सहा हजार पटींहून जास्त अंतर आहे, आणि पडद्यावर चित्र तेच.

२०१० मध्ये आयफोन ४ आला तेव्हा हे सगळं चव्हाट्यावर आलं होतं. फोन एका विशिष्ट पद्धतीने हातात धरला की काड्या झपझप खाली येत, म्हणून ओरड झाली. २ जुलै २०१० च्या पत्रात ॲपलने जाहीर सांगितलं की काड्या काढण्याचं आमचं सूत्र साफ चुकीचं होतं, आणि बऱ्याच वेळा फोन असायला हव्यात त्यापेक्षा दोन काड्या जास्त दाखवत होता. त्याच महिन्यात सॉफ्टवेअर बदलून सूत्र दुरुस्त केलं. हातात धरल्यावर सिग्नल पडायचा तो पडायचाच. दिसायचं तेवढं बदललं. अँड्रॉइडच्या प्रणालीत तर असं एक सेटिंग आजही आहे की ते चालू केलं की हिशेबाने आलेल्या काड्यांत एक वाढवून दाखवली जाते. म्हणजे ग्राहकाला बरं वाटावं याची सोय सॉफ्टवेअरमध्येच करून ठेवलेली. मला हे अजिबात पटत नाही. तापमापकात एक अंश कमी दाखवण्याची सोय असती तर आपण चालवून घेतली असती का?

पण काडी अगदी प्रामाणिकपणे काढली तरी ती फसवते, आणि मुंबईत तर हमखास. हे लालबागच्या एका काकूंच्या घरचं उदाहरण.

काकूंची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, काही वर्षं ट्रान्झिटमध्ये काढली आणि आता त्या एकतिसाव्या मजल्यावर राहतात. मुलगा पुण्याला. रोज रात्री जेवण झालं की फोन, आणि रोज तोच वैताग. मी गेले तेव्हा म्हणाल्या, "अगं, चारच्या चार काड्या आहेत बघ. तरी तो म्हणतो, आई तू पाण्यात बुडून बोलतेयस का? चाळीत दोन काड्यांवर तासभर गप्पा व्हायच्या आमच्या."

मी मोजणीचा फोन त्यांच्या हॉलच्या खिडकीत धरला. आरएसआरपी उणे ८४. कागदावर उत्तम. शेजारचा आकडा बघितला, एसआयएनआर: उणे २. हवा तो सिग्नल आणि बाकीचा सगळा गोंगाट यांचं हे प्रमाण असतं, आणि ते शून्याच्या खाली गेलं म्हणजे गोंगाट सिग्नलपेक्षा वरचढ. फोन ज्या सेलला, म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाच्या हद्दीला, धरून होता तो सेलही टिकेना. मी नुसती उभी होते आणि फोन एकाला सोडून दुसऱ्याला, दुसऱ्याला सोडून परत पहिल्याला धरत होता. आम्ही याला पिंगपाँग म्हणतो. बोलता बोलता मधले शब्द गळतात ते बऱ्याचदा यामुळेच.

कारण असं. मोबाइलचे अँटेना साधारण सहा-आठ मजली इमारतींच्या गच्चीवर असतात आणि रस्त्यावरच्या, खालच्या मजल्यांवरच्या लोकांसाठी ते थोडे खाली कललेले असतात. त्यांच्या नकाशात एकतिसावा मजला धरलेलाच नव्हता. तिथल्या खिडकीतून भायखळ्यापासून वरळीपर्यंतच्या गच्च्या उघड्या दिसतात, म्हणजे तिथले सगळे अँटेना फोनलाही दिसतात. सकाळी दादरच्या फूलबाजारात उभं राहिलं की आवाज कानठळ्या बसण्याइतका येतो, पण आपल्या फूलवाल्याने भाव काय सांगितला ते कळत नाही, तसं त्या फोनचं झालं होतं. काड्या म्हणजे फक्त आवाजाचा मोठेपणा.

मग मी काकूंना म्हटलं, "खिडकीतून इकडे या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळात उभ्या राहा आणि आता लावा." तिथे आरएसआरपी उणे १०३, एक काडी गेली. पण मधल्या भिंतींनी लांबचे बरेचसे अँटेना आड केले होते, जवळचा एक तेवढा राहिला होता, आणि एसआयएनआर ९ वर आला. मुलाचा आवाज स्पष्ट. काकूंचा विश्वास बसेना, त्या पुनःपुन्हा खिडकीत जाऊन आणि परत येऊन बघत होत्या. त्यांची जाऊ अजून शेजारच्या चाळीत तळमजल्याला राहते. तिथेही मोजलं: उणे ११२, दोन काड्या, एसआयएनआर १३. दोन्ही घरांत सगळ्यात चांगला कॉल तिथलाच. काकूंच्या घरी मी वायफाय कॉलिंगही, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून कॉल जाण्याची सोय, चालू करून दिलं, कारण ब्रॉडबँड होतंच आणि सेटिंग बंद पडलेलं होतं. उंच इमारतींना खरा इलाज म्हणजे इमारतीच्या आतच छोटे अँटेना बसवणं. बिल्डर जिम आणि पोडियम गार्डन दाखवतो, त्या यादीत हे असतं का, ते घर घेण्याआधी विचारून घ्या.

काड्यांना गर्दीही कळत नाही. टॉवरची ती खुणेची लहर दहा माणसं असोत की दहा हजार, त्याच ताकदीने सुटते. म्हणून संध्याकाळी दादरच्या पुलावर काड्या फुल असतात आणि यूपीआयचं चाक फिरत राहतं. तिथे कमी पडते ती टॉवरची वाटून द्यायची जागा. गणपतीत लालबागला आणि अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीला तर हे फार जाणवतं. अशा गर्दीसाठी कंपन्या गाडीवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात, आणि ते आले की काड्या तेवढ्याच राहून पैसे मात्र जायला लागतात.

आणखी एक बाजू आहे, ती कोणी बोलतच नाही. काड्या सांगतात की टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतंय. फोनचं बोलणं टॉवरला ऐकू जातंय की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. टॉवरकडे दहा-दहा वॅटच्या पटीत ताकद असते, फोर-जीत फोन सहसा फार तर ०.२ वॅट सोडतो. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये एक काडी दिसते, नंबर फिरवला की नुसती शांतता, ती बऱ्याचदा यामुळे. अशा जागी फोन आपली ताकद शेवटपर्यंत ताणतो, म्हणून बॅटरीही भराभर उतरते. एखाद्या सोसायटीने गच्चीवरचा टॉवर भीतीपोटी हटवला की मला वाईट वाटतं. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली आहे. आणि टॉवर लांब गेला की कानाला लावलेला फोनच जास्त ताकदीने लहरी सोडायला लागतो.

फाइव्ह-जीच्या चिन्हाचंही सांगते. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात सेवा सुरू झाली आणि मुंबई पहिल्या शहरांत होती. त्यात एक प्रकार असा की फाइव्ह-जी हे फोर-जीच्या खांद्यावर चालतं. त्या ठिकाणी चिन्हाचा अर्थ अनेकदा एवढाच, की या टॉवरवर फाइव्ह-जीची सोय आहे. त्या क्षणी तुमचा डेटा त्यावरून जात असेलच असं नाही.

मग बघायचं काय? अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस' उघडा. तिथे 'उणे ९८ डीबीएम ४२ एएसयू' असं काहीतरी दिसेल. त्यातला पहिला आकडा आपला. आयफोनवर *३००१#१२३४५#* फिरवलं की फील्ड टेस्टचा पडदा येतो, त्यात आरएसआरपी आणि एसआयएनआर दोन्ही शोधता येतात. आकडा बघताना एका जागी थोडं थांबा, कारण फोन सरासरी काढून दाखवतो. लिफ्टचं दार बंद झाल्यावरही काड्या काही क्षण तशाच राहतात ते त्यामुळे. माझा ढोबळ हिशेब: एसआयएनआर १० च्या वर असेल तर उणे ११० लाही बोलणं छान होतं, आणि शून्याखाली असेल तर उणे ८० चाही उपयोग नाही.

ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था कंपन्यांकडून सेवेचा दर्जा मागते, शहरांमध्ये स्वतंत्र ड्राइव्ह टेस्ट करवून अहवाल प्रसिद्ध करते. २०२४ च्या नव्या नियमांनी कंपन्यांना कव्हरेजचे नकाशेही लोकांसमोर ठेवायला लावले. हे सगळं चांगलंच आहे. पण त्या सगळ्याचं जे रूप माणसाला दिवसभर दिसतं, त्या काड्या कशा काढल्यात हे फोन विकणाऱ्याने खोक्यावर छापायला हवं. किती डीबीएमला किती काड्या, एवढी चार ओळींची पट्टी. आणि एक काडी फुकट वाढवून दाखवायची सोय बंदच व्हायला हवी.

तोवर तक्रार करताना "रेंज येत नाही" किंवा "रेंज फुल आहे तरी लागत नाही" एवढ्यावर थांबू नका. इमारत, विंग, मजला, कुठली खोली, दिवसातली वेळ, आरएसआरपी, जमल्यास एसआयएनआर, आणि तिथून वायफाय बंद करून लावलेला कॉल कसा गेला, हे लिहा. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. मजला आणि एसआयएनआर लिहिलेली तक्रार समोर आली की आमच्याकडच्या माणसाला लगेच कळतं की अँटेनाचा कल बदलायचाय, नवा टॉवर हवाय, की नुसती गर्दी वाढलीय. काकूंच्या विंगेतल्या बऱ्याच घरांनी मिळून अशीच तक्रार लिहिली आहे, मजल्यागणिक आकडे घालून. तो तक्ता मीच त्यांना आखून दिला. कुणाला हवा असेल तर खाली सांगा, पाठवते.