हँड गिअरचा बुश

नायलॉनची करंगळीच्या नखाएवढी चकती, मधे भोक, कडेने खोबण. एवढ्याशा ऐवजानं परवा अख्खी दुपार खाल्ली.

आमच्या पद्मिनी गाडीचा गिअर स्टिअरिंगला, म्हणजे हँड गिअर. लिव्हर हलली की खाली बॉनेटमधल्या सळ्या हलायच्या आणि सळ्यांनी गिअरबॉक्सला सांगायचं. सांध्यासांध्यात बुश, म्हणजे तीच नायलॉनची चकती. प्रत्येक जण थोडाथोडाच झिजतो, पण सगळ्यांची ढिलाई गोळा होऊन वर लिव्हरच्या टोकाला वीतभर होते.

ती ढिलाई बाबांना तोंडपाठ होती. लहानपणी मंगेशीला जाताना फर्मागुडीच्या चढावर दुसरा गिअर लागेना, की ते लिव्हरला हळूच म्हणायचे, "ये गे बाय." मागच्या सीटवर आम्ही श्वास धरून. मग खर्रकन आवाज, आणि बाय यायची. गाडी कुणी मागितली तर बाबा खुशाल चावी देत. माणूस फाटकापर्यंत जाऊन चावी परत आणून देई.

पद्मिनी बनायची 2001 मध्येच बंद झाली. आता मिळतो तो बुश कुणी बनवलेला देव जाणे, माप एकोणीस-वीस. त्यात सळीचं टोक भोकापेक्षा जाड. ते तसंच हवं, नाहीतर बुश बसून उपयोग काय! पण बोटानं दाबला तर टुणकन उडून बॅटरीखाली, पक्कड लावली तर कड चिरते. बाहेर पाऊस, घामानं हात निसरडे. शेवटी गॅरेजवाल्यानं आत हाक दिली, "वहिनी, मात्शें पाणी तापयात." मला वाटलं, चहा. त्यानं उरलेले बुश त्या उकळत्या टोपात सोडले. नायलॉन नरमलं, तसा एकेक काढून बोल्ट आणि दोन वायसरांमध्ये धरला आणि नट सावकाश आवळत नेला. टक्. झालं. टोप आता स्वयंपाकघरात परत घेत नाहीत, ते सोडा.

गिअर हल्ली लोण्यासारखा पडतो. मुलीनं पहिल्याच फटक्यात गाडी फर्मागुडीवर चढवली, बाबा शेजारी बसून. चढावर कुणी काही बोललं नाही, बोलायची गरजच पडली नाही. मला मात्र भाड्याच्या गाडीत बसल्यासारखं वाटत होतं. बाबा उतरताना म्हणाले, "बरी झाली गाडी," आणि चावी तिच्याकडेच ठेवली.

क्लचच्या पेडलचा बुशही गेलाय म्हणे. चवथीनंतर बघू.