अकरा मागण्यांचं निवेदन आणि एक कलम

शेतकरी संघटनेत पडलेला माणूस सगळ्यात आधी काय शिकतो, तर निवेदन लिहायला. 'प्रति, माननीय अमुकतमुक साहेब. विषय: शेतकऱ्यांच्या विविध मागण्यांबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक निवेदन की...' आणि शेवटची ओळ ठरलेली: 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी प्रशासनाची राहील.' मग फोटो. कागदाचं एक टोक साहेबांच्या हातात, दुसरं आमच्या अध्यक्षांच्या हातात, मागे आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय. दुसऱ्या दिवशी पेपरात तालुक्याच्या पानावर चार ओळी. पोचेचा शिक्का मारलेली प्रत फायलीत. झालं काम.

आमच्या संघटनेची लिखापढी माझ्याकडे आहे. बीए झालेय, अक्षर बरं आहे आणि बैठकीत पुरुषमंडळी भांडत असताना कुणीतरी लिहून घ्यायला लागतं, एवढीच माझी पात्रता. गाव मराठवाड्यातलं, जमीन कोरडवाहू, खरिपाला सोयाबीन-तूर, पाऊस बरा झाला तर मागून हरभरा. अशी कितीतरी निवेदनं मी लिहिली आहेत. 'विविध मागण्या' हे शब्द आता दिसले तरी नको वाटतं.

हे लिहायला बसले ते बियाण्याच्या कायद्यामुळे. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा काढला आणि 11 डिसेंबरपर्यंत लोकांकडून सूचना मागवल्या. आमच्या संघटनेने सूचना पाठवल्या. यावेळी निवेदन पाठवलं नाही, सूचना पाठवल्या. यातला फरक समजायला आम्हाला काही वर्षं लागली, म्हणून सविस्तर लिहिते.

2020 चा जून मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनवाल्यांच्या चांगला लक्षात असेल. पाऊस वेळेवर आला, वापसा आला (म्हणजे रान पेरण्याजोगं झालं), लोकांनी पेरण्या उरकल्या आणि बी उगवलंच नाही. आमच्या रानात पेरलेल्या ओळीच्या ओळी मोकळ्या. बोटाने माती उकरली की बी हाताला लागायचं, फुगलेलं, साल सुटलेलं, दाबलं की पिठासारखं पसरणारं. एकट्या आमच्या गावाचं हे नव्हतं. तक्रारींचा इतका पाऊस पडला की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आम्हीही तक्रार दिली, पंचनाम्याला समिती आली, कृषी खात्याचे लोक आले, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आले. आणि कंपनीचा माणूस म्हणाला, "ताई, खोल पेरलंय तुम्ही." दुसऱ्या शेतात म्हणाला, ओल कमी होती. तिसऱ्यात, ओल जास्त होती.

आता गंमत बघा. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण कमीत कमी 70 टक्के हवी, हे नियमातच आहे. पिशवीच्या टॅगवर तसं छापलेलंही असतं. म्हणजे वचन लेखी आहे. पण ते मोडलं तर शेतकऱ्याला काय मिळतं, हे बघायला आम्ही 1966 चा बियाणे कायदा काढला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे, जास्तीत जास्त 500 रुपये. दुसऱ्यांदा सापडला तर 1000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा दंडही सरकारजमा. ज्याचं रान मोकळं राहिलं त्याला भरपाई द्या, असं एक कलम त्या कायद्यात नाही. बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा आबा (आमचे अध्यक्ष, गावात सगळ्यांचेच आबा) म्हणाले, "पाचशे? एवढ्याचा तर बैलाला भरडा येत नाही."

मग शेतकऱ्याने जायचं कुठे? ग्राहक न्यायालयात. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात शेतकऱ्याचा हा हक्क मान्य केला. बी तपासायला प्रयोगशाळेत का दिलं नाही, असा कंपन्यांचा नेहमीचा सवाल असतो. त्यावर न्यायालयाने म्हटलं की शेतकरी आणलेलं सगळं बी पेरून टाकतो, तपासणीसाठी मागे ठेवेल अशी अपेक्षा करता येत नाही. इतकी साधी गोष्ट सांगायला दिल्लीपर्यंत जावं लागलं. आणि हक्क मान्य झाला तरी जिल्ह्याच्या ठिकाणी वकील लावून तारखा करणं, तेही दुबार पेरणीचं कर्ज डोक्यावर असताना, किती जणांना जमतं?

तर 2020 च्या त्या वर्षी मी अकरा मागण्यांचं अडीच पानी निवेदन लिहिलं. कर्जमाफी, पीकविमा, वीज, रानडुकरं, आणि सातव्या नंबरवर बियाणं. रविवारी सकाळी आमदारांच्या घरी गेलो. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचे कागदी कप, आणि टेबलावर आमच्यासारख्यांच्या निवेदनांची चळत. स्वीय सहायक पोरगा हुशार होता. त्याने आमचा कागद वाचला, खाली ठेवला आणि विचारलं, "ताई, यातलं सभागृहात काय विचारू? एकच सांगा. आणि कोणत्या कायद्यात काय बदलायचं ते लिहून द्या. साहेब बोलतील, पण कागद तुमचा पाहिजे."

आबांना राग आला. बाहेर आल्यावर म्हणाले, कायदा आपणच लिहायचा तर यांना मुंबईला कशाला पाठवलंय? मला मात्र त्या पोराचं पटलं. आमदार वाईट नसतो, त्याच्या हातात कागद नसतो. समोरच्या बाजूला कंपन्यांचे, विक्रेत्यांचे लोक मुद्देसूद टिपण घेऊन जातात. आपण हार घेऊन जातो.

मग आम्ही विधिमंडळाची आयुधं समजून घेतली. हे शिकवायला कुणी येत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो त्याची, सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणजे घटना ताजी असताना तुम्ही धावत गेलात तरी त्या अधिवेशनाची वेळ गेलेली असते. ताज्या विषयाला लक्षवेधी. पैशाचा विषय असेल तर अर्थसंकल्पात कपात सूचना, म्हणजे खात्याच्या मागणीत कपात सुचवून विषय चर्चेला आणायचा. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, जी आंदोलनवाल्यांना फारशी माहीत नसते: मंत्र्याने आंदोलनाच्या मंडपात दिलेलं आश्वासन मंडपाबरोबरच गुंडाळलं जातं, पण सभागृहात दिलेलं आश्वासन कामकाजात नोंदलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तेव्हापासून मंत्री मंडपात आले की आम्ही टाळ्या जरा बेतानेच वाजवतो.

पुढे आमचा प्रश्न एकदा सभागृहाच्या प्रश्नांच्या यादीत छापून आला. त्या यादीची भाषा बघण्यासारखी असते. 'सोयाबीन बियाणे न उगवल्याच्या तक्रारी प्राप्त झाल्या, हे खरे आहे काय. असल्यास, चौकशी केली आहे काय. त्यात काय आढळून आले. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तर आलं: हे अंशतः खरे आहे. पंचनामे करण्यात आले आहेत. आणि विलंबाच्या खाली: प्रश्न उद्भवत नाही. आबांनी तो कागद हातात धरून दोनदा वाचला आणि विचारलं, "माझ्या रानात काहीच उद्भवलं नाही, आणि यांच्याकडे प्रश्नही उद्भवत नाही?" पण त्या उत्तरात एक आकडा होता, पंचनाम्यांचा. सरकारनेच सभागृहात दिलेला. तो आमच्या पुढच्या प्रत्येक कागदावर पहिल्या ओळीत गेला. स्वतःचे शंभर आकडे एकीकडे आणि सरकारच्या तोंडचा एक आकडा एकीकडे.

2023 च्या पावसाळी अधिवेशनात तर राज्य सरकारनेच पाच विधेयकं आणली, बोगस बियाणं, खतं, कीटकनाशकं यांच्यावर. एकात शेतकऱ्याला नुकसानभरपाई होती, एकात बोगस माल विकणाऱ्याला एमपीडीएमध्ये, म्हणजे झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या कायद्यात घालायचं होतं. विधेयकं संयुक्त समितीकडे गेली. आणि नोव्हेंबरात या विधेयकांविरुद्ध राज्यभरातल्या कृषी सेवा केंद्रवाल्यांनी तीन दिवस दुकानं बंद ठेवली.

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. कंपनीची सीलबंद पिशवी जशी आली तशी विकणाऱ्याला गुंडांच्या रांगेत बसवणं बरोबर नाही. ज्या दुकानदाराकडून आम्ही उधारीवर माल आणतो तो काही बी बनवत नाही. पण मला लागलं ते दुसरंच. त्या दुकानदारांना पाचही विधेयकांचे क्रमांक पाठ होते. कोणत्या कलमातला कोणता शब्द नको हे आमच्या गावातला दुकानदार मला काउंटरवर उभा राहून सांगत होता. आणि ज्यांच्यासाठी विधेयकं होती त्या आमच्या बैठकीत एकानेही ती वाचलेली नव्हती. दुकानाला शटर असतं, ते खाली ओढता येतं. पेरणी बंद ठेवून कुणाला धमकी द्यायची?

शिवाय अडचण अशी की बियाणे कायदा केंद्राचा. राज्याने त्याच्याशी विसंगत काही केलं तर राष्ट्रपतींची संमती लागते. त्यामुळे आमदार म्हणतात खासदारांना भेटा, खासदार म्हणतात शेती हा राज्याचा विषय. या टोलवाटोलवीत आमची बरीच वर्षं गेली. 1966 चा कायदा बदलायचं विधेयक राज्यसभेत आलं होतं 2004 साली. 2019 मध्ये पुन्हा मसुदा आला. आता हा 2025 चा. पहिल्या विधेयकाच्या वेळी जन्मलेली पोरं आता पेरणीला ट्रॅक्टर चालवतायत.

यावेळी मात्र आम्ही मसुदा मागवून घेतला. इंग्रजीतला होता. गावातल्या लॉ करणाऱ्या मुलीने वाचून सोपा करून सांगितला आणि देवळाच्या सभामंडपात संध्याकाळच्या बैठका झाल्या. मसुद्यात चांगलं काही नाही असं नाही. दंड 30 लाखांपर्यंत नेलाय, बोगस बियाण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पिशवीवर क्यूआर कोड येणार आहे. 500 रुपयांवरून हे फार मोठं पाऊल. पण 30 लाखांचा दंड झाला तरी तो जाणार सरकारकडेच. ज्याची पेरणी गेली त्याला ठरलेल्या मुदतीत, तालुक्यातच भरपाई मिळेल अशी सरळ वाट आम्हाला त्यात सापडली नाही. आबा म्हणाले, होळी करू मसुद्याची तहसीलसमोर. पोरं लगेच तयार. मी म्हटलं, करा, पण झेरॉक्सची करा, मूळ प्रत मला लागणार आहे.

मग तीन रकान्यांचा तक्ता केला. मसुद्यात काय आहे, त्याऐवजी कोणते शब्द हवेत, कारण काय. एका पानात बसेल तेवढंच. भरपाई म्हणजे नुसती पिशवीची किंमत नव्हे, मशागत, पेरणीची मजुरी, खत आणि बुडालेलं उत्पन्नही धरा. निकालाला मुदत घाला. बी संपलं म्हणून तक्रार फेटाळू नका, त्या लॉटचा (म्हणजे बियाण्याच्या त्या खेपेचा) राखून ठेवलेला नमुना हजर करायची जबाबदारी कंपनीवर टाका. रानडुकरं, वीज, विमा यातलं काहीही घेतलं नाही. त्यावरून संघटनेत दोन जण रुसले आणि अजून नीट बोलत नाहीत. एका विषयावर एक कागद हे लोकांना पटवणं मंत्र्याला पटवण्यापेक्षा अवघड आहे, कारण प्रत्येकाचं दुखणं खरंच असतं.

तक्त्याला पुरावे जोडताना खरी मेहनत झाली. पावती आहे तर त्यावर लॉट नंबर नाही. टॅग आहे तर पिशवी खताला वापरली. एका घरातून मात्र म्हातारीने देव्हाऱ्यामागून प्लास्टिकची पिशवी काढून दिली: पक्की पावती, कात्रीने नीट कापलेला टॅग, पंचनाम्याची प्रत आणि मूठभर बी, पुरचुंडीत बांधलेलं. नातवाने विचारलं, आजी, एवढं कशाला ठेवलं? तर म्हणाली, "कुणीतरी विचारायला येईल म्हणून." संघटनेतल्या सगळ्या कार्यकर्त्यांपेक्षा तिची फाइल चोख निघाली.

सूचना ईमेलने गेल्या, एक प्रत खासदारांच्या कार्यालयात दिली. फोटो काढला नाही, त्यामुळे पेपरात काही आलं नाही, त्यावरूनही थोडी कुरकुर झाली. संसदेत विधेयक येईल तेव्हा हाच तक्ता पुन्हा खासदारांच्या हातात द्यायचा आहे, आणि कृषीविषयक स्थायी समितीकडे गेलं तर तिथेही. तोवर पुरावे वाढवायचेत. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं गेल्या काही हंगामांत बी उगवलं नसेल आणि पावती-टॅग सांभाळलेले असतील, तर खाली कळवा. फोटो लॉट नंबर वाचता येईल असा काढा, उजेडात. धूसर फोटो आला तर परत मागवणार.