आमची वाटचाल : सोडणापासून लाव्हा दगडापर्यंत

दापोली तालुक्यात जमीन खणली की आधी जांभा लागतो, त्याखाली काळा कातळ. अशा गावात राहून मी ऑर्किडच्या कुंडीत भरायचा दगड विकते, आणि तोही बोटीनं आलेला, हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "आपल्याकडे दगड संपले काय गो?" हा त्यांचा प्रश्न. तो वाटतो तितका साधा नाही. त्याचं उत्तर मिळायला मला पाच वर्षं लागली.

२०१३ साली आम्ही डेंड्रोबियम या ऑर्किडची दोनशे रोपं आणली. घरामागे नारळ-पोफळीचं आगर, त्यात थोडी मोकळी जागा होती, तिथे शेडनेट उभारलं. फुलांच्या काड्या दादरच्या फूल मार्केटला पाठवायच्या असा बेत होता. दोनशे रोपांच्या काड्या मुंबईला पाठवून गाडीभाडंही सुटत नाही, हे पहिल्याच हंगामात कळलं. मग कर्दे-मुरूडला येणाऱ्या पर्यटकांना कुंडीसकट फुललेलं झाड विकायला लागलो, आणि त्यावर बरं चाललं.

कुंडीत काय भरायचं हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. आगरात सोडणांचा, म्हणजे नारळ सोलून निघालेल्या काथ्याच्या सालींचा, ढीग होता. चार दिवस पाणी बदलत सोडणं भिजवायची, तांबूस पाणी येणं कमी झालं की तुकडे करून कुंडीत दाबायची. फुकटचा माल. पहिलं वर्ष झाडं अशी वाढली, की आपल्याला सगळं समजलं असं वाटलं. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सोडण मऊ पडलं. तिसऱ्या श्रावणात एक कुंडी उपडी केली तर आत काळा लगदा, आणि मुळं बोटानं ओढली की साल हातात आणि आत नुसता दोरा.

ऑर्किडचं मूळ मातीसाठी घडलेलंच नाही. त्याच्यावर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. पाऊस पडला की ते पाणी शोषून हिरवं दिसतं, वाळलं की पुन्हा चांदीसारखं. हे भिजणं आणि वाळणं दोन्ही त्याला लागतं. आमच्या आंब्यावर सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड आहे; सासूबाई तिला बांडगूळ म्हणायच्या. बांडगूळ झाडातून रस ओढतं, ही नुसती सालीला धरून बसते, हे सांगून झालं. तिच्या मुळांना कुंडी नाही, खत नाही, जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस अंगावर घेते आणि कुजत नाही, कारण सर थांबली की वारा लागतो. आमच्या कुंडीत वारा लागत नव्हता. झाडं पाण्यानं मरत नव्हती, पाणी उभं राहिल्यानं मरत होती.

त्यानंतर जे मिळेल ते भरून पाहिलं. कोळसा चांगला, पण लवकर मोडतो आणि खताचे क्षार धरून बसतो. जुन्या घराची मंगलोरी कौलं फोडली. ती पहिलं वर्ष उत्तम, पुढे शेवाळानं बुळबुळीत. मग नवऱ्याच्या डोक्यात जांभा आला. तोही सच्छिद्र, गावातच चिरेखाण, चिरे तासताना उडालेल्या कपच्या कुणीही उचलून न्याव्यात. आम्ही दोन गोण्या भरून आणल्या, धुतल्या, साठ कुंड्यांत भरल्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की कडक होतो, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मात्र बोटाएवढ्या कपच्या पावसाळाभर भिजल्यावर काय होतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये कुंड्यांच्या भोकांतून लाल चिखल गळत होता. साठपैकी साठ कुंड्या पुन्हा भराव्या लागल्या, भर पावसात, गुडघ्यावर बसून. नवरा आजही जांभ्याचं नाव काढत नाही.

लाव्हा दगड आम्ही २०१८ साली पहिल्यांदा मागवला. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडे इंडोनेशियाहून येणारा माल होता. पाच गोण्या आल्या. फोडल्या तर चौथाई भाग नुसती भुकटी, आणि बाकी दगड इतके धुळकट, की धुताना विहिरीवरची पन्हळ तुंबली. व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, दगड आहे, धूळ असणारच. भुकटीचे पैसे गेलेच. तेव्हापासून आम्ही चाळणी ठेवतो आणि ग्राहकाला चाळून, धुऊन, वाळवूनच देतो. आमच्या धंद्यातली निम्मी मेहनत या एका वाक्यात आहे.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर भूगोल शिकवणाऱ्या एका सरांनी दिलं, तेही आमच्या पडवीत चहा पिता पिता. मी त्यांच्या हातात दोन दगड दिले, एक परसातला काळा आणि एक गोणीतला. ते म्हणाले, दोन्ही लाव्हाचेच. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. त्यातही वायूच्या बुडबुड्यांची भोकं होती. पण एवढ्या काळात पाणी झिरपून ती भोकं झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशा खनिजांनी भरली. वाघोलीच्या आणि जळगावच्या खाणीतून जे सुंदर स्फटिक निघतात ते त्याच भोकांत वाढलेले. जिथे भोकं मोकळी राहिली तिथला दगड झिजून भुसभुशीत झाला. गोणीतला दगड मात्र भूगर्भाच्या हिशेबानं कालचा. लाव्हा फसफसत वर उडाला, हवेतच गार झाला, भोकं अजून उघडी. लाल रंग त्यातल्या लोखंडाला गंज चढल्याचा.

मी लगेच वजनकाटा काढला. एक लिटरच्या मापात आमच्या खाणीची खडी भरली तर दीड किलोच्या आसपास, लाव्हा दगड पाऊण किलोच्या जवळ. म्हणजे मोकळी जागा कुठे आहे ते काट्यानंच दाखवलं. दगडातल्या भोकांत थोडं पाणी राहतं, दगडांमधल्या फटींतून बाकीचं सरळ खाली जातं, आणि कितीही वर्षं झाली तरी त्याचा लगदा होत नाही.

हवाई बेटांवरचे ऑर्किडवाले कित्येक वर्षं याच दगडात झाडं लावतात. तिथल्या हिलो गावाचा पाऊस पाहिला तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे आपल्यासारखाच. मला वाटलं, झालं, आपली रेसिपी सापडली. २०१९च्या पावसाळ्यात आम्ही निम्मी नर्सरी नुसत्या लाव्हा दगडात हलवली. सप्टेंबरपर्यंत मुळं अशी पांढरीशुभ्र, की मी फोटो काढत बसले.

ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि डेंड्रोबियमच्या कांड्यांना सुरकुत्या आल्या. सकाळी घातलेलं पाणी अकराला गायब. फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडची पानं लेदरच्या चपलेसारखी लोंबायला लागली. चूक साधी होती. हिलोला तो पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो. आमच्याकडे सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे आठ महिने ठणठणीत. पावसाचा आकडा सारखा होता, कॅलेंडर वेगळं होतं. त्या वर्षी सत्तरेक झाडं गेली. ही चूक मी कुणाच्या माथी मारू शकत नाही, वाचून शहाणी झाले होते मीच.

यातून जी पद्धत निघाली ती आजतागायत बदललेली नाही. कुंडीत तळापासून वरपर्यंत लाव्हा दगड, मध्ये कोळशाचे चार तुकडे. ऑक्टोबर लागला की वरून सोडणाच्या तुकड्यांचा एक थर, आम्ही त्याला टोपी म्हणतो. टोपीमुळे खालचा दगड दिवसभर ओलसर राहतो. मेअखेर आगोटीची कामं निघतात, कौलं चाळायची, लाकडं आत घ्यायची, त्यातच टोप्याही काढायच्या. पावसाळ्यात कुंडीत दगड आणि मूळ, बस. सोडण पुन्हा फुकट, आणि एका हंगामात ते कुजायच्या आत माडाच्या आळ्यात जातं.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं. टाळेबंदीमुळे पर्यटक आधीच बंद होते. वादळानं शेडनेट कुठे नेलं ते आजवर कळलं नाही. पोफळी काडीसारख्या मोडल्या, चौदा माड आडवे झाले, वीज कित्येक दिवस नव्हती. घराची कौलं आधी की ऑर्किड आधी, हा प्रश्नच नव्हता. कुंड्या जिथे पडल्या तिथे, उघड्या पावसात, जवळजवळ सहा आठवडे तशाच राहिल्या. जुलैच्या मध्यावर आवरायला गेलो. सोडणातली झाडं बहुतेक सडलेली, काहींत गोगलगायी. लाव्हा दगडातल्या कुंड्यांपैकी ज्या उलट्या पडल्या नव्हत्या त्यांतली झाडं पानं फाटलेली, पण मुळं जिवंत. इतकी वर्षं चाललेल्या आमच्या प्रयोगाचा निकाल असा परस्परच लागला.

मोडलेल्या आंब्यांवरची सीतेची वेणी आम्ही उतरवून उभ्या झाडांना सुंभानं बांधली. ती विकत नाही. जंगलातलं ऑर्किड आणून द्या, पैसे देतो, असं म्हणणारे दर महिन्याला एक-दोन भेटतात. त्यांना मी आंबा दाखवते आणि परत पाठवते.

दगड विकायला लागलो तो त्याच वर्षी. लोक घरात अडकले होते, बाल्कनीत झाडं लावत होते, आणि आमची जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारत होती की मुळं का कुजतात. दोन किलोच्या पिशव्या केल्या. कुरिअरला दगड परवडत नाही, हे सगळे सांगत होते आणि ते खरंच आहे. कधी कधी दगडापेक्षा भाडं जास्त होतं. गाडीवाला पहिल्या दिवशी म्हणाला, "वहिनी, दगड विकताय होय?" आता तोच पिशवी उचलून मोठा दाणा की बारीक ते ओळखतो. व्हांडा, कॅटलिया, मोठं डेंड्रोबियम या ऑर्किडना सुपारीएवढा. लहान रोपांना हरभऱ्याएवढा.

फोनवर मी आधी झाडाचं नाव विचारायची. आता पहिला प्रश्न असतो, पाणी कोण घालतं? रोज सकाळी झारी घेऊन फिरणारे आजोबा घरात असतील तर लाव्हा दगडासारखं काही नाही. कितीही घाला, निथळून जातं. आठवड्यातून एकदा आठवण येणाऱ्यांना मी तो विकत नाही, झाडाची साल किंवा सोडण सुचवते. पुण्यातल्या एका ताईंना तीन वेळा नाही म्हटलं, चौथ्यांदा त्यांनी दुसरीकडून घेतला. देशावरच्या बोअरवेलवाल्यांना आणखी एक ताकीद: दगडावर पाण्यातल्या क्षारांची पांढरी पुटं चढतील. दगडात स्वतःचं अन्न काही नाही, त्यामुळे खत द्यावंच लागतं, पण लिटरला अर्धा-एक ग्रॅम, आणि महिन्यातून एकदा कुंडी साध्या पाण्यानं भरपूर धुऊन काढायची. जमलं तर पावसाचं पाणी साठवा. कुंडी बदलताना मुळाला चिकटलेला दगड ओढू नका, तसाच नव्या कुंडीत जाऊ दे. आणि मेलेल्या झाडाचा दगड नुसता धुऊन दुसऱ्याला वापरू नका. विषाणू कात्रीवरून जातो तसा त्यातूनही जाऊ शकतो. आम्ही असा दगड टाकूनच देतो, जीव तुटतो तरी.

आज नर्सरीत आम्ही दोघं आणि वाडीतल्या तीन बायका आहोत. चाळणी त्यांच्या ताब्यात. माझ्यापेक्षा त्यांचा हात बसलाय. चाळून उरलेल्या भुकटीचं काय करायचं ते बराच काळ सुचत नव्हतं, गोण्याच्या गोण्या साचल्या होत्या. गेल्या मे महिन्यात सासूबाईंनी कुणाला न विचारता त्यातल्या चार विहिरीच्या वाटेवर पसरून घेतल्या. त्या वाटेचा कातळ पावसात शेवाळतो, दरवर्षी कुणीतरी घसरतंच. यंदा त्या छत्री टेकत वाटेवरून दोनदा खाली-वर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "हां, आता आला उपयोगाला तुझा बोटीचा दगड."